संयोगिताचा डावा घोटा

संयोगिता,

हे पत्र तू एकटी वाचणार नाहीस. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे एखाद्या कर्तबगार विद्यार्थिनीवर लेख मागितला. त्यांच्या डोळ्यांपुढे कुणी कलेक्टर किंवा परदेशात गेलेली शास्त्रज्ञ असावी. माझ्या डोळ्यांपुढे तुझा डावा घोटा आला, त्याला मी काय करू? तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही इथे पुन्हा येतील, त्या निमूट वाच. साताऱ्याला माझ्या वर्गात तू निमूटच असायचीस, कारण झोपलेली असायचीस. पहाटे कबड्डी आणि नंतर प्राणिशास्त्र, या क्रमात प्राणिशास्त्राचं दुसरं काही होणं शक्य नव्हतं.

तर वाचकांसाठी पहिली गोष्ट. तू पायाळू. जन्मताना तुझे पाय आधी आले, डोकं मागून. डॉक्टर याला अडचण म्हणतात, आपल्याकडे गुण म्हणतात. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसानं त्या पाठीला पाय लावायचा, की उसण उतरते म्हणे. वासरं सगळीच पायांनी जन्माला येतात, पुढचे पाय आधी. पण गोठ्यात जाऊन वासरापुढे पाठ धरलेला माणूस मी पाहिलेला नाही. या विषयावर माझं म्हणणं एवढंच. ते मी तुझ्या लग्नातही सांगितलं होतं, आणि तुझ्या आईनं मला पटकन जिलबी वाढली होती.

लग्न या गुणावरच जमलं. शिराळ्याकडचे आकाराम आबा, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वारणेच्या काठी ऊस आणि कमरेत बारमाही दुखणं. मुलगी पायाळू आहे एवढं कानावर आल्यावर त्यांनी पत्रिका उघडूच दिली नाही. मुलगा जयराज, तोही फौजेत. तो सुट्टीला येतो, जेवतो, विहिरीवरची मोटर दुरुस्त करतो आणि जातो. या गोष्टीत त्याचं काम तेवढंच आहे.

दुसरी गोष्ट घोट्याची. शेवटच्या वर्षाला सांगलीच्या स्पर्धेत तू चढाईला गेलीस, उडी मारलीस आणि उतरलीस ती दुसऱ्या मुलीच्या पावलावर. डावा घोटा आत वळला. कुणीतरी तो ओढून 'बसवला', कुणीतरी हळदीचा लेप दिला, आणि सूज पुरती उतरायच्या आत तू पुन्हा मैदानात होतीस. मी तेव्हा महिला क्रीडा समितीची प्रमुख होते, म्हणजे केळी आणि लिंबूपाणी माझ्याकडे होतं. त्या दिवसापासून तो घोटा लहर येईल तेव्हा वळू लागला. शाळेच्या मैदानावर, सपाट डांबरी रस्त्यावर, एकदा तर देवळात प्रदक्षिणा घालताना. तू खेळाची शिक्षिका झालीस, आणि मुलांना पळायला सांगून स्वतः फाटकाला धरून उभी राहायला शिकलीस.

आता या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या ते सांगते.

लग्नाची हळद उतरते न उतरते तोच आबांची कंबर धरली. सोप्यात घोंगडी अंथरली, आबा पालथे पडले, घरची माणसं भोवती जमली. तू देवाला नमस्कार केलास, सासऱ्यांची माफी मागितलीस आणि उजवा पाय उचललास. पाय लावायचा तो उजवा, हे सगळ्यांना माहीत होतं. उजवा उचलला की माणूस डाव्यावर उभा राहतो, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डावा घोटा वळला आणि तू सबंधच्या सबंध आबांच्या पाठीवर आदळलीस. आतून काहीतरी कट्कन वाजलं. तुझ्या नणंदेनं, अंकितानं, रडायला तोंड उघडलं. तेवढ्यात आबा उठले, सावधानमध्ये उभे राहिले, आणि त्यांनी चहा मागितला.

झालं. पाय लावणारे पायाळू पंचक्रोशीत पुष्कळ होते. पडणारी तू एकटीच निघालीस.

दर रविवारी माणसं येऊ लागली. शिराळ्याची, विट्याची, पार आटपाडीकडचीही. तिकडचा बिराप्पा नावाचा म्हातारा मेंढपाळ स्वतःचं घोंगडं घेऊन यायचा, दुसऱ्याच्या घोंगड्यावर त्याला गुण येत नसे. पैसे कुणी देत नव्हतं, नारळ आणत. तुमच्या घरी त्या काळात कालवणापासून चटणीपर्यंत सगळ्यात नारळ असायचा, आणि आबांना खोबऱ्यानं आम्लपित्त झालं, त्यावर मात्र तुझा पाय चालला नाही. तू पाय उचलायचीस, घोटा वळायचा, तू पडायचीस, माणूस उठून चालू लागायचा. तू लंगडत आत जाऊन घोट्याला पट्टी बांधायचीस आणि पुढच्याला बोलवायचीस.

हेही मी सहन केलं असतं. पण तुमच्या गावात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी कबड्डी असते, लेकी विरुद्ध सुना. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी एका बाजूला, गावच्या सुना दुसऱ्या बाजूला, पंच आकाराम आबा. लेकींची कर्णधार अंकिता. तिचं सासर विट्याचं, नवऱ्याचं दक्षिणेत कुठेतरी सोनं गाळायचं दुकान. ती वर्षभर तिकडे कंटाळते आणि पंचमीला येऊन सगळा कंटाळा सुनांवर काढते. तू आल्याच्या पहिल्या वर्षी सुना जिंकल्या होत्या. मग घोट्यानं तुला ओट्यावर बसवलं, आणि सुना दरसाल हरू लागल्या. अंकिता तुला पाणी आणून द्यायची आणि म्हणायची, "वैनी, तुमी पाठीवर पडा. मैदानावर पडायला आमी हाय की."

यंदा होळीच्या सुमाराला तुझा फोन आला. पाय कसा आहे, घर कसं आहे, काही सांगितलं नाहीस. "मॅडम, मला पंचमीला खेळायचंय," एवढंच म्हणालीस. मी म्हटलं, सांगलीला ये.

सांगलीला माझ्या मैत्रिणीकडे मी मुक्कामाला गेले. तिची नात प्रांजल फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगी हुशार, बोलते कमी, मला आवडते. तिनं तुला डाव्या पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितलं. तू डोळे मिटलेस आणि प्रांजलवर पडलीस. तिच्या पाठीला त्याचा फायदा झाला की नाही, हे मी विचारलं नाही.

मग तिनं जे सांगितलं ते वाचकांसाठी थोडक्यात देते, कारण घोटा मुरगळून तसाच वापरणारी माणसं घरोघरी आहेत. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडांना धरून ठेवणारे बंध असतात. ते एकदा ताणले आणि त्यावर नीट काम केलं नाही, की पाय आपण कुठे आहोत हेच विसरतो. वळायला लागल्यावर सावरायचं, हे स्नायूंना उशिरा कळतं, तोवर माणूस खाली. यावर तेल, लेप, ओढून बसवणं आणि नुसती विश्रांती यांचा उपयोग नाही. पायाला पुन्हा शिकवावं लागतं. रबरी पट्टा अडकवून पाऊल बाहेर ताणायचं, टाचा उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं. ते जमलं की डोळे मिटून, ते जमलं की मऊ वस्तूवर, आणि शेवटी उड्या मारून नीट उतरायचं. रोज, कित्येक आठवडे, न कंटाळता. शेवटचा शब्द ऐकून मी तुझ्याकडे पाहिलं. तू जागी होतीस.

मऊ वस्तू घरी काय वापरू, असं तू विचारलंस. प्रांजलनं खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्या पिशवीवर थांबली. माझी मान दुसऱ्याच्या उशीवर राहत नाही, म्हणून जाईन तिथे मी माझी कापसाची उशी नेते. काय बुद्धी झाली कोण जाणे, मी ती तुला दिली. तू म्हणालीस, "पंचमी झाली की सांगलीत पिंजून घेते आणि साताऱ्याला आणून देते, मॅडम." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. तूही ठेव.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या थोडं आधी मी तुमच्या घरी आले. सकाळची वेळ. अंगणात खुर्ची, खुर्चीत आबा, गळ्यात शिट्टी. समोर माझी उशी, उशीवर तू, एका पायावर, डोळे मिटून. भिंतीवर आणि ओट्यावर अर्धी आळी बसलेली. आबा फौजेतल्या हिंदीत "हिलो मत" असं ओरडत होते, आणि तू हलतच नव्हतीस. मला फार बरं वाटलं. मग मी नीट पाहिलं. तू उजव्या पायावर उभी होतीस.

झालं होतं ते असं. व्यायाम पायाचा आहे कळल्यावर आबांनी तो ताब्यात घेतला होता. तू डावा म्हणालीस तेव्हा ते हसले होते. कामाचा पाय उजवा, गुणाचा पाय उजवा. खुराक बैलाला द्यायचा की गाडीला, असा त्यांचा सवाल होता. मग रबरी पट्टा उजव्याला, टाचा उजव्याच्या, उशी उजव्याला. एव्हाना तुझा उजवा पाय इतका भक्कम झाला होता की तो पालखीखाली उभा केला असता तरी चालला असता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तू एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलंस. नंतर विहिरीकडे जाताना सांगितलंस, की डाव्याचे व्यायाम शाळेत होतात, प्रार्थनेच्या आधी, व्हरांड्याच्या टोकाला, जिम्नॅस्टिकच्या गादीवर. पोरांना वाटायचं, मुख्याध्यापकांनी बाईंना शिक्षा केली आहे. एकानं तर दया येऊन तुझ्याऐवजी उभं राहायची तयारी दाखवली होती.

आबांना खरं का सांगत नाहीस, असं मी विचारलं. उत्तर तुझ्याकडून आलं नाही, त्याच दुपारी आबांकडून आलं. जेवण झाल्यावर मी त्यांना डाव्या घोट्याचं शास्त्र समजावलं, सगळं, पहिल्यापासून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "आवं म्याडम," ते म्हणाले, "पाय घट्ट झाला तर ती पडंल का? आन ती पडली न्हाई तर माजी पाठ कोण बगणार? माजा बाप ह्याच दुखण्यानं खाटंवर गेला, त्यो उठलाच न्हाई."

मी त्यांना सांगितलं की पाठीचेही व्यायाम असतात. ते म्हणाले, फौजेत लय केले.

म्हणजे बघा. बाईचा घोटा दुखावलेला आहे, बरा होण्यासारखा आहे, आणि तो बरा होऊ नये अशी एका सज्जन माणसाची मनापासून इच्छा आहे. आणि तुला आबांचं वाईट वाटत होतं, कारण ते तुझ्यासाठी रोज पहाटे उठून शिट्टी वाजवत होते. भलत्या पायासाठी का होईना.

आषाढात आणखी मजा झाली. डावा घोटा वळेनासा झाला. आता रविवारी माणूस पालथा पडला की तुला मुद्दाम पडावं लागू लागलं. तुझा फोन आला, की मॅडम, खोटं पडणं खऱ्यापेक्षा फार अवघड आहे, हात आधी टेकतात. मी म्हटलं, हे बंद कर. तू म्हणालीस, पंचमीपर्यंत. माझ्या इतक्या वर्षांच्या विद्यार्थिनींत अभिनय करणारी एकच निघाली, आणि तिचे प्रेक्षक सगळे पालथे. तरी बिराप्पा जाताना सांगून गेला की यंदा पोरगी झ्याक पडती.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या सोप्यात होते. सामना दुपारी. अंकिता आली ती एकटी नाही. तिनं विट्याहून आपल्या चुलतसासूला, मनुबाईंना, आणलं होतं. मनुबाईंच्या पाठीत उसण होती, हे खरंच होतं. पण ती नेमकी सामन्याच्या सकाळी उतरवायची, म्हणजे वैनी लंगडत ओट्यावर जाऊन बसतील, हा हिशेबही खरा होता. तो अंकिताच्या तोंडावर इतका स्पष्ट होता की मला तिचं कौतुकच वाटलं.

मनुबाई पालथ्या पडल्या. तेव्हा सगळ्यांना दिसलं की त्या म्हातारीत हाडं आणि लुगडं याखेरीज काही नव्हतं. आबांवर पडणं वेगळं, बिराप्पावर पडणं वेगळं. हिच्यावर तू पडली असतीस तर उसण उतरली असती आणि बरोबर म्हातारीही.

तू उजवा पाय उचललास. डाव्यावर उभी राहिलीस. पावलाची बोटं तिच्या पाठीला फुलासारखी टेकवलीस आणि थांबलीस. माणसं वाट बघत होती. तू हलेनास. ओट्यावर कुणीतरी खोकलं. खालून मनुबाईंचा आवाज आला, "पड की गं बाई. मला सैपाकाला जायाचंय."

"आजी," तू म्हणालीस, "मी आता पडत न्हाई."

अंकिता तयारच होती. "बगितलं आबा? पाय नीट करून घेतला आन घरचा गुण घालवला," ती म्हणाली. आबांनी तुझ्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग हात मागे नेऊन स्वतःची कंबर धरली, आणि खांबाला टेकून हळूहळू खाली बसले. हवालदार असा बसतो, हे मी प्रथमच पाहिलं. सामन्याला पंच नाही, घरात गुण नाही, आणि तू तशीच एका पायावर, म्हातारीच्या पाठीला बोटं लावून.

मग तू पाय खाली घेतलास, आत गेलीस आणि माझी उशी घेऊन आलीस. ती आबांच्या कमरेमागे सारलीस आणि त्यांच्यापुढे बसलीस. "आबा, गुणाचा पाय कुठला?" त्यांनी उजवा सांगितला. "होळीपासून रोज सकाळी तुमच्या शिट्टीवर हा उजवा पाय कशावर उभा होता?"

आबांनी मान वळवून उशीकडे पाहिलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. प्रश्न तपासायला त्यांनी वेळ घेतला. उजवा पाय, रोजचा, त्यांच्या स्वतःच्या देखरेखीखाली. त्यात कुठे खोट निघेना. "मंग मुरला असंल की सगळा हिच्यात," ते शेवटी म्हणाले. आणि थोडे मागे टेकून बसले. आणि आणखी थोडे.

त्यानंतर उशी मनुबाईंच्या पोटाखाली गेली. थोड्या वेळानं त्या उठल्या, इकडून तिकडे चालल्या, आणि हलकं वाटतंय असं म्हणून खरोखरच स्वयंपाकाला गेल्या.

कमरेला आधार मिळाला की कंबर सुखावते, पोटाखाली उशी घेतली की पाठीचा ताण कमी होतो, यात गुणाचा काही संबंध नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं. तू माझ्याकडे पाहिलंस. बडबडणाऱ्या मुलींकडे मी वर्गात बघत असे, अगदी तशी. मी तोंड मिटलं. जन्मभर विज्ञान शिकवून एक नवी अंधश्रद्धा माझ्या डोळ्यांदेखत तयार झाली, तिचं साहित्य मी पुरवलं, आणि मी गप्प बसले. हे संपादकांनी कापू नये.

दुपारी सामना झाला. आबा खुर्चीत, खुर्चीच्या पाठीला उशी. लेकींनी ड्रेसच्या ओढण्या कमरेला बांधलेल्या, सुनांनी पदर खोचलेले. खेळ बरोबरीत चालला होता. शेवटची चढाई तुझी. तू आत घुसलीस, कोपऱ्यातल्या मुलीला हात लावलास आणि वळलीस. अंकितानं आणि तिच्या जोडीदारणीनं हातात हात घालून वाट अडवली. तू त्यांच्या साखळीवरून उडी मारलीस आणि उतरलीस ती डाव्या पायावर. एकट्या डाव्या पायावर, मध्यरेषेच्या एका पावलाआड.

आणि सगळा गाव थांबला. सकाळची बातमी सर्वांनी ऐकली होती, पण इतक्या वर्षांची सवय जाते कुठे? सुनांनी डोळे मिटून घेतले. लेकींनी तुला धरायला हवं होतं, धावून यायला हवं होतं. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि तू पडायची वाट बघू लागल्या. एकीनं तर तुला लागू नये म्हणून खाली हात पसरले. तू उजवा पाय हवेत, डोळे सरळ समोर, 'कबड्डी कबड्डी' म्हणत उभी. व्हरांड्याच्या टोकाला उभी असतेस तशीच. मग उजवा पाय सावकाश रेषेपलीकडे ठेवलास.

अंकितानं तक्रार केली की वैनी पडायला पाहिजे होत्या, त्या हिशेबानंच लेकी थांबल्या, म्हणून हा गुण धरू नये. आबांनी शिट्टी तोंडातून काढली. "पडाय पायजे हुती," ते म्हणाले, "पर पडली न्हाई. सुना जितल्या." आणि ते उशीला टेकले.

संध्याकाळी अंकितानं तुझ्याकडून रबरी पट्टा मागून नेला. तिचाही गुडघा कुरकुरतो म्हणे.

तर ही माझी कर्तबगार विद्यार्थिनी. प्रांजल सांगते की व्यायाम सोडू नकोस, बरा झालेला घोटाही आळशी होतो. ते तू सोडणार नाहीस हे मला ठाऊक आहे. प्रश्न उशीचा आहे.

पंचमी होऊन गेली. गणपती गेले. मी फोन केला तेव्हा कळलं, की उशी बिराप्पा आटपाडीला घेऊन गेला आहे. पुढच्या वेळी कळलं, की परत आली आहे, पण तिला मेंढरांचा वास येतो. त्याच्या पुढच्या वेळी तू जरा घुटमळत सांगितलंस, की पिंजायला आबा नको म्हणतात. कापूस मोकळा झाला तर त्यात मुरलेलं सगळं उडून जाईल अशी त्यांना भीती आहे. परवा तू घोटा दाखवायला सांगलीला आलीस, प्रांजलकडे गेलीस, पिंजाऱ्याच्या दारावरून गेलीस. येताना आणि जाताना. रिकाम्या हातानं.

मी चादरीची घडी डोक्याखाली घेऊन झोपते. मान अवघडली आहे. त्यावर तुमच्या घरी काय उपाय आहे ते मला कळवू नकोस. उशी पिंजून आण.